डिझेलचा डाग म्हणजे भेसळ नव्हे
ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘फिल्टर पेपरवर डिझेलचा थेंब टाका, डाग राहिला तर बायोडिझेलची भेसळ.’ बायोडिझेल म्हणजे वनस्पती तेल किंवा चरबीपासून बनवलेलं इंधन. पण मेसेजमधला दावा चूक आहे. ती चाचणी पेट्रोलची. पेट्रोल उडून जातं. डिझेल जड, शुद्ध असलं तरी तेलकट डाग राहणारच.

बायोडिझेलचं प्रमाण प्रयोगशाळेत इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपीने (इंधन कोणते इन्फ्रारेड किरण किती शोषतं ते पाहून) मोजतात. त्यातलं एस्टर (बायोडिझेल ज्या संयुगांचं बनतं ते) प्रति सेंटिमीटर १७४५ या तरंगसंख्येजवळ, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये सुमारे १७४५ तरंग बसतात असे किरण शोषतं, निव्वळ खनिज डिझेल तिथे शोषत नाही. जितकं शोषण जास्त, तितकं मिश्रण जास्त. मेख एवढीच, की कच्चं खाद्यतेलही तिथेच दिसतं. म्हणून इतर चाचण्याही लागतात.

शिवाय भारतीय मानकानुसार डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं. पंपावर शंका आलीच तर घनता मोजून मागा. तो मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका.