‘आधी पाणी, मग रॅम्प’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : महापालिकेने दिव्यांगांसाठी रस्ते आणि इमारती सुगम, म्हणजे अडथळ्याविना वापरता येतील असे, करण्याचे आराखडे करणं म्हणजे पैशाची उधळपट्टी. शहराला चार-पाच दिवसांआड पाणी मिळतं, आधी ते बघा. दिव्यांग आहेत तरी किती, रस्त्यावर कुठे दिसतात? जुन्या इमारतींत काही करता येत नाही. आणि दारात एक रॅम्प बांधला की काम झालं. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या जवळची माणसंही आहेत, म्हणून एकेक मुद्दा धरून सांगतो.

पाण्याचा त्रास खरा आहे आणि त्यावरचा संतापही रास्त आहे. पण पाणी आणि रॅम्प यांची भांडणं लावायचं कारण नाही. पाइपलाइन आणि ड्रेनेजसाठी आपल्याकडे रस्ते उकरले जातातच. काम झाल्यावर कडेचे दगड आणि फरशी परत बसवावीच लागते. कोपऱ्यावर तेव्हा उतार ठेवायचा की उंच पायरी, हे आराखड्यात आधी लिहिलेलं असलं तर गवंडी त्याच सिमेंटात उतार करून जातो. लिहिलेलं नसलं तर वर्ष-दोन वर्षांनी तोच कोपरा पुन्हा फोडायचा. उधळपट्टी म्हणायची तर ती ही.

‘आहेत तरी किती?’ 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29.6 लाख दिव्यांगांची नोंद झाली, म्हणजे शंभरात अडीचहून जास्त. तेव्हा सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. राज्याचंच प्रमाण धरलं तरी शहरात 25 हजारांच्या आसपास माणसं होतात. शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारची अपंगत्वं मान्य केली आहेत. त्यातली अनेक त्या जनगणनेत स्वतंत्रपणे मोजलीच गेली नव्हती. आणि गुडघे गेलेली म्हातारी माणसं तर कुठल्याच यादीत नाहीत. जन्मभर मांडी घालून विड्या वळलेल्या बायका आणि मागावर उभं राहून पाय झिजवलेले कामगार या गावात घरोघरी आहेत. जिन्याला कठडा नसला की तेही खालीच थांबतात.

दिव्यांग माणसं रस्त्यावर का दिसत नाहीत, याचं उत्तर रस्त्यातच आहे. घरापासून सिव्हिल हॉस्पिटलपर्यंतची वाट डोळ्यांसमोर आणा. दारात उघडी गटार, पुढे फुटपाथवर विजेचा डीपी आणि लावलेल्या गाड्या, म्हणून तीनचाकी सायकल भर रहदारीत घालायची. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला चेंबरचं झाकण आहे की नाही हे काठी आत गेल्यावरच कळतं. बसची पायरी उंच. या वाटेत नऊ जागा नीट असल्या आणि दहावी अडली, तरी माणूस घरातच राहतो. म्हणूनच सुटी कामं पुरत नाहीत, सलग वाट आखावी लागते. मेसेज ज्याला कागदी घोडे समजतो ते आराखड्याचं काम नेमकं हेच आहे.

‘एक रॅम्प बांधला की झालं’ हे पटवून घेण्याआधी तो रॅम्प मोजा. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे प्रमाण. दारात सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असल्या तर अठरा फुटांचा रॅम्प लागतो. आपल्याकडे पायऱ्यांवर चार फुटांचा सिमेंटचा घसरता उतार ओततात. त्यावरून स्कूटर चढते, व्हीलचेअर मागे कोसळते. पुढे फाटकाशी मोटारसायकली अडवायला लोखंडी पाइप रोवतात आणि त्यात व्हीलचेअरच अडकते. तिला किमान 90 सेंटिमीटरची मोकळी वाट हवी.

जुन्या इमारतींबद्दल 2016 चा हाच कायदा स्पष्ट आहे. सध्याच्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम 15 जून 2017 चे, म्हणजे मुदत 2022 मध्येच संपली. नव्या बांधकामाने निकष पाळले नाहीत तर परवानगी किंवा भोगवटा प्रमाणपत्र द्यायचं नाही, हे कलम 44 सांगतं. सुगम्यतेचे किमान निकष नुसत्या शिफारशी ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा, असंही सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला केंद्राला बजावलं. महापालिकेच्या इंद्रभुवनासारख्या वारसा इमारतीच्या दर्शनी कमानीला हात लावायची गरज नसते. बाजूच्या दाराने वाट काढता येते, लोकांची कामं तळमजल्यावर आणता येतात.

मेसेजखाली कुणीतरी ‘त्यापेक्षा महिन्याला पैसे वाटा’ असंही लिहिलंय. पेन्शन वेळेवर मिळालीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण बाहेर पडण्याची प्रत्येक खेप रिक्षाने करावी लागली तर ते पैसे रिक्षातच जातात.

आराखडा कसा असावा, याचा एक नमुना देतो. अमेरिकेत दिव्यांगांसाठीच्या 1990 च्या कायद्याखाली 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या नगरपालिकांना, इमारतींत बदल करायचे असतील तर, चार गोष्टी लिहून द्याव्या लागतात : अडथळे कुठे आहेत, ते कसे काढणार, कधीपर्यंत काढणार आणि जबाबदार अधिकारी कोण. सोलापूरच्या आराखड्यात या चार गोष्टी हव्यात, आणि अडथळ्यांची यादी व्हीलचेअर व काठी वापरणाऱ्यांना सोबत घेऊन, रस्त्यावर फिरून झालेली हवी. सुरुवात एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन आणि सिव्हिल जोडणाऱ्या रस्त्यांपासून करा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. त्याआधी सिद्धेश्वर मंदिराकडे जाणारी निदान एक वाट सलग करून दाखवा.