कठड्यापासून की जमिनीपासून?

पर्यावरणाचे नकाशे आणि आकडेवारी सांभाळणाऱ्या एका कार्यालयात मी मदतकक्षात बसते. माझ्याकडे येणाऱ्याला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. डेटा आहे, आणि तो मी दडवून ठेवलाय.

"मॅडम, पश्चिम घाटाचा डेटा पाहिजे."

"कसला?"

"सगळा."

तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर, सहा राज्यं. त्यातलं जंगल, पाऊस, माती, बेडूक, धरणं, खाणी. सगळा. आणि टेबलावर ठेवलेला पेनड्राइव्ह आठ जीबीचा, त्यातही निम्म्या जागेत भाच्याच्या मुंजीचे फोटो.

अशा वेळी मी मेटाडेटाची, म्हणजे डेटाबद्दलच्या माहितीची, सूची उघडते. कोणी मोजलं, कधी, कुठे, कशानं, कोणत्या प्रमाणावर, आणि शंका आली तर कोणाला विचारायचं, हे सगळं त्यात असतं. म्हणजे असायला हवं. यासाठी आयएसओ १९११५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. २००३ साली आलं, २०१४ साली नव्यानं लिहिलं गेलं. रकाने विचाराल तर घर भाड्यानं देताना पुण्यातला मालकसुद्धा इतकं विचारत नाही. ते भरायचे डेटा गोळा करणाऱ्यानं. तो उन्हातान्हात हिंडून आलेला, प्रकल्पाची मुदत उलटलेली, पैसे संपलेले. मग 'सारांश' या रकान्यात तो लिहितो, 'डेटा'. उद्देश: 'कामासाठी'. गुणवत्ता: 'चांगली'. त्याच्यावर माझा राग नाही. या फॉर्मची गरज त्याला नसतेच, ती असते दहा वर्षांनी येणाऱ्या भलत्याच माणसाला, आणि तो माझ्या टेबलासमोर उभा असतो.

परवा एका बाईंना पालघर जिल्ह्यातलं २००५ सालचं जंगल हवं होतं. शोधपेटीनं शून्य दाखवलं. पालघर जिल्हा जन्मला १ ऑगस्ट २०१४ ला; त्याआधीचं जंगल ठाण्याच्या नावावर. धाराशिव शोधणाऱ्याला उस्मानाबाद लिहावं लागतं, अहिल्यानगरवाल्याला अहमदनगर, आणि फारच जुनं हवं असेल तर रायगडवाल्यानं कुलाब्यापर्यंत मागं जायचं. शोधपेटीला बारशाचं आमंत्रण कोणी देत नाही. बाईंना हे समजावलं तर म्हणाल्या, "म्हणजे जंगल होतं, पण नव्हतं?" मी हो म्हणाले.

जागा सापडली म्हणजे जागेवर असतेच असं नाही. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली की पुण्यातल्या विहिरी नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या शेजारी समुद्रात जाऊन पडतात. त्यातल्या त्यात एवढंच बरं, की तिथे पाण्याला तोटा नाही. नागपूरची तऱ्हा निराळी. नकाशासाठी पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडायची यूटीएम नावाची पद्धत आहे. तिचा ४३ वा पट्टा ७८ रेखांशावर संपतो. अकोला-अमरावती अलीकडे राहतात, नागपूर-चंद्रपूर ४४ व्या पट्ट्यात जातात. वेगळ्या विदर्भाचा प्रश्न नकाशावाल्यांनी असा अर्धामुर्धा का होईना, केव्हाच निकालात काढलाय. पण मेटाडेटात पट्टा लिहायचा राहिला आणि संगणकानं ४३ धरला, की नागपूरचा फुटाळा तलाव सहा अंश पश्चिमेला सरकून सुरतेजवळ निघतो. अशी फाइल घेऊन एकजण आला होता. नागपूरचाच होता. मी नुसता पट्टा बदलून दिला, तलाव घरी परतला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा भाव, की तलाव मीच पळवला होता.

पट्टा सांगणारी फाइल वेगळी असते, हेही कोणी ऐकून घेत नाही. नकाशाचा डेटा ज्यात ठेवतात ती शेपफाइल म्हणजे तीन-चार फायलींचं बिऱ्हाड. लोक नावाला भुलून त्यातली एसएचपी तेवढी नेतात आणि संध्याकाळी फोन करतात, "मॅडम, तुमची फाइल खराब आहे."

पण खरी गंमत विहिरींची. पाणी जमिनीखाली किती खोल आहे याचं माप घेता आलं नाही तिथे उणे ९९९९ लिहायची जुनी पद्धत आहे. इतका वेडगळ आकडा कोणी खरा मानणार नाही, असा भाबडा समज त्यामागे असावा. एका विद्यार्थ्यानं मानला. जमिनीखाली उणे ९९९९ मीटर, म्हणजे जमिनीच्या वर दहा किलोमीटर. त्याच्या तालुक्यातली एक विहीर एव्हरेस्टहून उंच भरली होती, आणि त्यानं सरासरीही काढली होती. गाइडना दाखवूनही झालं होतं. गाइड म्हणाले होते, "ट्रेंड चांगला आहे."

ते निस्तरलं तर त्याचा पुढचा प्रश्न चोख निघाला: पाण्याची खोली जमिनीपासून मोजलीय की कठड्यापासून? मेटाडेटात अर्थातच नव्हतं. संपर्क व्यक्तीचा रकाना भरलेला होता, पण ती व्यक्ती केव्हाच निवृत्त झालेली. नंबर मिळवून मी फोन लावला.

"काका, एम-१७ या विहिरीचं माप..."

"एम-१७ नका सांगू. गाव सांगा."

गाव सांगितलं.

"हां, पिंपळाखालची. तिला कठडाच नाही, मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्यावरून मी टेप सोडायचो. तिच्या शेजारचीला दोन फूट कठडा होता, पण मालकानं पुढे वर चार थर विटा चढवल्या, तेव्हा नंतरचे आकडे जपून घ्या. आणि सप्टेंबरचं माप धरूच नका. रात्रभर मोटर चालू होती त्याची. मी विचारलं तर नाही म्हणाला, पण पाट ओला होता."

मी थक्क होऊन भराभर लिहीत होते. म्हटलं, "काका, हे सगळं भरून द्याल का? मी फॉर्म पाठवते."

"फॉर्म कशाला? मला पाठ आहे सगळं. कोणाचं अडलं तर खुशाल माझा नंबर द्या. फक्त वेळ सांगून ठेवा."

मानकात संपर्काच्या वेळेसाठी खरोखरच वेगळा रकाना आहे. आमच्या सूचीत तो आजवर कोणी भरलेला मी पाहिला नव्हता. काकांनी सांगितलं तसंच्या तसं टाइप केलं: 'दुपारी १ ते ४ फोन करू नये.'