कणा आणि कंडक्टर

माणसाचा कणा आईवडिलांकडून येतो असं म्हणतात. म्हापसा-पणजी मार्गावर रोज उभ्याने जाणाऱ्याचा कणा मात्र मिनीबसच्या छताकडून येतो. ते छत ज्याने ठरवलं त्याच्या डोळ्यांसमोर उभा प्रवासी नव्हताच, आणि कंडक्टर तर जगतो तो उभ्या प्रवाशांवर. "फाटीं वच रे, फाटीं सगळें रितें आसा!" असं तो पणजी येईपर्यंत ओरडत असतो. मागे रितं काहीही नसतं. मागे शुक्रवारच्या बाजाराच्या पिशव्या असतात, त्यांतून डोकावणारी चवळीची जुडी असते आणि त्यांच्यामध्ये माझ्यासारखा एखादा उंच माणूस मान खांद्यावर टाकून देहुडाचरणी उभा असतो. बासरीच्या जागी जेवणाचा डबा, एवढाच फरक.

यात एक शास्त्रही आहे. मणक्यांमधल्या चकत्या रात्री आडवं पडल्यावर पाणी शोषून फुगतात आणि दिवसभराच्या भाराने पुन्हा दबतात. त्यामुळे माणूस सकाळी जेवढा उंच असतो त्यापेक्षा संध्याकाळी सेंटिमीटरभर तरी बुटका होतो. सकाळच्या बसमध्ये ज्या दांड्यावर टाळू आपटते, त्याच दांड्याखालून परतीला फक्त केस घासून कसे निघतात, याचा उलगडा मला फार उशिरा झाला. तोवर मी त्याचं श्रेय दुसऱ्या ड्रायव्हरला देत होतो.

बसमधून उतरून आठ तास संगणकापुढे, आणि संगणकापुढून उठून मोबाईलपुढे. दुखणं आधी मानेत आलं, मग खांद्यात उतरलं आणि तिथून डोक्यात चढलं. गोव्यात दुखणं जाहीर करायला वर्तमानपत्र लागत नाही, सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या कानावर घातलं की पुरतं. दुपारपर्यंत शेजारच्या काकींचं तेल आलं, संध्याकाळी मेहुण्याचा कमरेचा पट्टा आला. आईने उशी काढून घेतली, बायकोने ती परत दिली. आणि मुलाने ऑनलाईन एक यंत्र मागवलं. आगपेटीएवढं. ते दोन खांद्यांच्या मध्ये चिकटवायचं. आपण पोक काढला की ते थरथरतं.

यंत्र अतिशय कर्तव्यदक्ष निघालं. कोण कशासाठी वाकतो याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. बोडगेश्वराला गेलो, हात जोडून वाकलो, पाठीत घर्रर्र. सरळ झालो, गप्प. पुन्हा वाकलो, पुन्हा घर्रर्र. मागच्या बाई करवादल्या, "देवळात येताना तरी फोन बंद ठेवावा माणसाने!" फोन नव्हे, पाठ वाजतेय, हे त्यांना गाभाऱ्यासमोर कुठल्या तोंडाने सांगणार? देवापुढेही न वाकणारा माणूस घडवणारं ते यंत्र मी घरी येऊन कपाटात ठेवलं. कपाटात ते आडवं पडलं, तेव्हा शेवटचं थरथरलं.

मग कुणीतरी शिवोलीच्या बाईंचं नाव सुचवलं. हाडं कडकड मोडत नाहीत, अगदी हलक्या हाताने शरीर 'लायनीत' आणतात म्हणे. कडकड नसण्याचं मला दुःख नव्हतं. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो त्याचा असतो, हे मी वाचलं होतं. बोटं मोडणाऱ्या मुलाला ते ऐकवूनही झालं होतं.

जुन्या घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसवून बाईंनी आधी माझी कुंडली घेतली. झोप कशी, पोट कसं, राग येतो का. मग भिंतीशी उभं करून छतापासून एक ओळंबा सोडला. गवंडी वापरतात तोच. कानाची पाळी, खांदा, कंबर आणि घोट्याच्या किंचित पुढची जागा एका दोरीत यायला हवी. त्यांनी फोटो काढून दाखवला. कंबर आणि घोटा म्हापशात होते, खांदा पर्वरीला पोचला होता, आणि कान पणजीत उतरून तिकीट फेकून मोकळा झाला होता.

"डोकं साडेचार-पाच किलोचं असतं," बाई म्हणाल्या. "ते पुढे गेलं की मागच्या स्नायूंनी दिवसभर ओढून धरायचं. ते दुखणार नाहीत तर काय करतील?" माझ्या डोक्याचं वजन कुणीतरी मान्य केल्याचा तो पहिलाच प्रसंग.

टेबलावर पालथं झोपवून त्यांनी कण्याच्या एका बाजूला अंगठा ठेवला, स्नायूवरून तो अलगद सरकवला आणि त्या खोलीबाहेर निघून गेल्या. मला वाटलं फोन आला असेल. दोन-तीन मिनिटांनी आल्या, दुसऱ्या बाजूला तेवढंच केलं, पुन्हा बाहेर. ही पद्धत ऑस्ट्रेलियात जिलाँगच्या टॉम बोवेन नावाच्या गृहस्थांनी काढली. थोडा स्पर्श करायचा आणि शरीराला विचार करायला वेळ द्यायचा, असं तिचं तत्त्व. फाईलला हात लावायचा आणि बाहेर जायचं, या तत्त्वावर आमचं ऑफिस कित्येक वर्षं चालू आहे, पण त्याला उपचार म्हणतात हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

खोलीत पंख्याचा आवाज, बाहेर पोदेराच्या भोंग्याचं पोंक पोंक, स्वयंपाकघरातून सुंगटांच्या हुमणाचा वास. तिसऱ्यांदा बाई आल्या तेव्हा मी घोरत होतो. उठलो तेव्हा मान खरोखर हलकी होती. आता हे अंगठ्याने झालं, की भर दुपारी पाऊण तास मोबाईलविना पडून राहिल्याने? माझा कल दुसरीकडे आहे. पण घरी तेवढा वेळ पडून राहिलं तर कुणी ना कुणी नारळ सोलायला देतं, म्हणून शिवोलीची फी मी रास्त मानतो.

बाईंच्या तक्त्यावर मात्र कण्याच्या ३३ मणक्यांसमोर सगळे रोग ओळीने लिहिलेले होते. पोक काढून बसलं की छातीचा पिंजरा पुरता उघडत नाही, श्वास उथळ होतो, हे पटलं. जेवून दुमडून बसलं की आंबट ढेकर येतात, हे तर अनुभवाचं. पण पुढे ऐकू न येणं होतं, तिथे मी थांबलो. अमेरिकेत १८९५ साली डी. डी. पामर यांनी एका झाडूवाल्याचा मणका दाबून त्याचा बहिरेपणा घालवला, अशी कायरोप्रॅक्टिकची, म्हणजे मणके दाबून रोग बरे करण्याच्या पद्धतीची, जन्मकथा आहे. ऐकू येण्याची नस मानेच्या मणक्यांतून जातच नाही, ती कानातून थेट मेंदूकडे जाते. हे मी घरी सविस्तर सांगितलं. बायको म्हणाली, "तरी एकदा तुमच्यावर करून बघायला सांगा. दळण आणा म्हणून सकाळपासून सांगतेय."

या सगळ्यात मला जवळचा वाटला तो टास्मानियाचा फ्रेडरिक अलेक्झांडर. जन्म १८६९, धंदा रंगमंचावर काव्य म्हणण्याचा, आणि ऐन प्रयोगात आवाज बसायचा. त्याने आरशांपुढे उभं राहून स्वतःला न्याहाळलं तेव्हा कळलं, तोंड उघडताच आपण डोकं मागे आणि खाली ओढतो. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात "कोण आहे रे तिकडे!" म्हणणारा प्रत्येक सरदार नेमकं हेच करतो आणि दुसऱ्या अंकात घोगऱ्या आवाजात मरतो. अलेक्झांडरने त्यातून बसण्या-उठण्याची शिकवणीच काढली. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००८ साली ५७९ पाठदुखीवाल्यांवरची चाचणी छापून आली. ज्यांना २४ धडे मिळाले, त्यांचे वर्षानंतर चार आठवड्यांतले दुखण्याचे दिवस ३ वर आले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे २१ होते.

निघताना बाईंनी एकच काम दिलं. ताठ बसायच्या नादी लागू नका, अवघडाल. कसेही बसा, पण अर्ध्या तासाने उठा.

ऑफिसात मी उठू लागलो. गजर लावला होता. तो वाजायची वेळ आणि साहेब केबिनमधून बाहेर पडायची वेळ कशी कोण जाणे जुळली. साहेब समोरून येताहेत आणि मी उभा! ते सुखावले, मान हलवू लागले. मी लोणी लावतोय असं सहकाऱ्यांच्या मनात आलं आणि तेही उठू लागले. एक-दोघांच्या माना मोकळ्या झाल्या, तशी बातमी पसरली. हल्ली दर अर्ध्या तासाला अख्खा विभाग एकदम उभा राहतो, खांदे फिरवतो, एक शब्द न बोलता खाली बसतो.

परवा साहेबांनी मला आत बोलावलं. दार लावून घेतलं. खुर्ची दिली, चहा मागवला, आणि आवाज उतरवून विचारलं, "खरं सांगा, तुमच्या मागण्या तरी काय आहेत?"