सात थर घोकून काय मिळतं?

पुरे झाले ते सात थर! नेटवर्कचं काम सात थरांत वाटून दाखवणारं ओएसआय मॉडेल १९८४ साली मानक म्हणून आलं आणि मुलाखतीत अजून तोच प्रश्न: टीएलएस, म्हणजे माहिती कूटबद्ध करून पाठवायची पद्धत, कितव्या थरात? अहो, ते कुठेच धड बसत नाही! आयपी पत्त्यावरून (नेटवर्कवरच्या पत्त्यावरून) यंत्राचा हार्डवेअर पत्ता शोधणारं एआरपी दुसऱ्यात की तिसऱ्यात? पॅकेटला, म्हणजे माहितीच्या तुकड्याला, लेबल लावून पुढे धाडणाऱ्या एमपीएलएसला तर अडीच नंबरचा थर म्हणायची वेळ आली. माहिती नीट पोचवणाऱ्या टीसीपीचा चेकसम (चूक पकडायचा आकडा) काढायला खालच्या थरातले आयपी पत्ते लागतात. आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणारं नॅट पत्त्याबरोबर वरच्या थरातला पोर्टही (कोणत्या प्रोग्रॅमसाठी ते सांगणारा क्रमांक) बदलतं, की चेकसम पुन्हा मोजा. मग थर वेगळे राहिले कुठे? इंटरनेटचे नियम-विचार मांडणाऱ्या आरएफसी दस्तऐवजांपैकी २००२ च्या आरएफसी ३४३९ मध्ये ‘थररचना घातक’ अशा अर्थाचा अख्खा विभाग आहे. तो कोण वाचतं? पोरांकडून नावं पाठ करून घेतात, नुसती नावं! एक पॅकेट उघडून दाखवा ना त्यांना!