दुष्काळ म्हणण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

वाचकहो, मराठवाड्यात राहून दुष्काळाविषयी मत न बाळगणे अवघड आहे, हे मान्य. परंतु ते मत चारचौघांत मांडण्यापूर्वी थोडा अभ्यास केलेला बरा. ज्याच्या विहिरीने तळ गाठला आहे त्याला वाटते की दुष्काळ ही डोळ्यांनी दिसणारी गोष्ट आहे, आणि नेमक्या याच गैरसमजामुळे तो ग्रामसभेत, चहाच्या टपरीवर आणि शेवटी तहसील कार्यालयात तोंडघशी पडतो. दुष्काळ दिसत नसतो. तो जाहीर होत असतो. जोवर तो जाहीर झालेला नाही तोवर आपल्या शिवारात जे काही चालले आहे त्याला कोणत्या नावाने हाक मारावी, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्या बाबतीत आपली फजिती होऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली काळजी शब्दाची घ्या. इंग्रजांनी १८८० च्या दशकात दुष्काळसंहिता तयार केल्या आणि त्यांच्या काळातला ‘फॅमिन’ हा शब्द स्वातंत्र्यानंतरही कायद्यांच्या पुस्तकांत तग धरून राहिला. १९६३ साली महाराष्ट्राने खास कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून तो वगळून टाकला. पाऊस पाडता येत नसेल तर निदान शब्द तरी पाडावा, हे धोरण इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुठे अमलात आले असेल. पुढे नऊच वर्षांनी १९७२ उजाडले. लोकांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या. मात्र हे सारे ज्याच्यामुळे करावे लागले त्याचे नाव कायद्यात नव्हते. आमच्याकडची म्हातारी माणसे अजूनही त्या वर्षाला नुसते ‘बहात्तर’ म्हणतात. त्यांनी तो कायदा वाचला नसावा, पण त्याचे इतके काटेकोर पालन दुसऱ्या कोणी केलेले नाही.

आता अलीकडचा धडा पाहा. २०१५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात सरासरीच्या सुमारे ४० टक्के तूट आली. याला आपण काय म्हणाल? घाई करू नका. पाठोपाठच्या जानेवारीत हवामान खात्याने आपल्या भाषेतून ‘दुष्काळ’ हा शब्दच काढून टाकला आणि ‘तुटीचे वर्ष’ अशी सोय करून दिली. राज्य शासनाच्या कागदांवर तेव्हा ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ नांदत होती. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती १४४ कलम लागले. १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली दहा टाक्यांची रेल्वे सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातुरात पोहोचली. आणि मे महिन्यात, प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यानंतर, शासनाने कळवले की जिथे जिथे ‘दुष्काळसदृश’ असे लिहिले आहे तिथे तिथे ‘दुष्काळ’ असे वाचावे. २९ हजारांहून अधिक गावांचे हवामान एका दुरुस्तीने बदलले, आणि तेही उन्हाळा संपत आलेला असताना.

म्हणून ‘सदृश’ हे पद लवकरात लवकर आत्मसात करा. ते विनम्र आहे, कोणावर आरोप करत नाही आणि नुकसानभरपाईच्या हिशेबात चांगले बसते. लातुरात सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यांनी नळ किती दिवसांनी येतो असे विचारले, आणि ते विचारतातच, तर दिवस मोजत बसण्यापेक्षा आमच्याकडे पाणीपुरवठासदृश व्यवस्था आहे असे सांगावे. पाहुण्यांना समजायचे ते समजते.

शब्द साधला की निकषांकडे वळा. पूर्वी हे काम पैसेवारीने, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या रुपयामागे यंदा किती पैसे पीक आले या अंदाजाने होत असे: नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम, आणि अंतिम पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली की गावाला हायसे वाटे. पीक जितके कमी तितका गावाचा आनंद मोठा, असा हा दुर्मीळ बाजार होता. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने त्यात शास्त्र आणले. आता आधी पर्जन्यमानातली तूट आणि पावसाचा खंड पाहतात. ती पायरी ओलांडली तर पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाला दिसणारी हिरवाई, जमिनीतला ओलावा, धरणांतला साठा आणि भूजल यांचे निर्देशांक तपासतात. तेही जुळले तर १० टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. एवढ्या चाळण्यांतून जो उरतो त्याचे ‘गंभीर’ आणि ‘मध्यम’ असे दोन भाग पाडले जातात, कारण केंद्राच्या आपत्ती निधीचे दार फक्त गंभीरालाच उघडते. मध्यम दुष्काळात सापडलेल्या शेतकऱ्याने म्हणूनच आपण थोडक्यात वाचलो की थोडक्यात हुकलो, याचा विचार करू नये. त्याने रक्तदाब वाढतो.

या पद्धतीत आपल्या हाती असलेली एक गोष्ट सांगतो. उपग्रह पुष्कळ उंचावर असतो आणि त्याला हिरवे ते हिरवे दिसते. सोयाबीन फुलोऱ्यातच करपून गेले असले तरी ओढ्याकाठची वेडी बाभूळ आणि पडीक रानातले गाजरगवत मोठ्या निष्ठेने हिरवे राहते. सबब, ज्यांना आपल्या गावाचा दुष्काळ मनापासून हवा असेल त्यांनी ऑगस्ट संपण्यापूर्वी बाभळी तोडून घ्याव्यात. पर्जन्यमापकाचेही तसेच आहे. ते महसुली मंडळात, म्हणजे गावांच्या एका गटात, एका ठिकाणी उभे असते आणि त्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस साऱ्या मंडळात पडला असे धरले जाते. आमच्याकडे भाद्रपदातली सर रस्त्याच्या एका अंगाला पडते आणि दुसऱ्या अंगाचा माणूस फुफाटा उडवत घरी येतो. पर्जन्यमापक कोणत्या अंगाला आहे, हे जमीन घेतानाच पाहून ठेवावे.

ही पद्धत अचूक आहे याबद्दल मात्र शंका घेऊ नका. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यात १५१ तालुके दुष्काळी ठरले, त्यांतले ११२ गंभीर आणि ३९ मध्यम. २०२३ मध्ये ही संख्या ४० तालुक्यांवर आली, २४ गंभीर आणि १६ मध्यम. त्या यादीत बीड जिल्ह्यातले धारूर आहे, अंबाजोगाई आहे, आणि या दोघांना खेटून असलेले केज नाही. पावसाने तालुक्याच्या हद्दीवर येऊन सातबारा पाहिला असावा, असे समजून गप्प राहावे, तर आरडाओरडा झाला, आणि दहा-बारा दिवसांतच आणखी १,०२१ महसुली मंडळांत परिस्थिती जाहीर झाली. कोणती, ते आता आपण ओळखलेच असेल: दुष्काळसदृश. सवलती बहुतांशी त्याच. जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, मुलांची परीक्षा फी माफ आणि कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट. विहीर कोरडी असताना पंप चालवून ही सूट उपभोगायची कशी, हा प्रश्न सवलतीच्या कक्षेत येत नाही.

येथवर पोहोचलेला वाचक प्रादेशिक पाणीवाटपाच्या वादात उतरायला पात्र झाला. तिथे लिटर ही भाषा चालत नाही. लिटरमध्ये बोलणारा माणूस तहानलेला असावा असा संशय येतो. तिथे टीएमसी म्हणायचे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर, म्हणजेच मिरजेच्या त्या पहिल्या गाडीच्या ५६ हजारांहून अधिक फेऱ्या. पैठणच्या जायकवाडीची एकूण क्षमता १०२ टीएमसींहून थोडी अधिक. त्यातले २६ मृतसाठ्याचे, म्हणजे धरणाच्या दारांच्या पातळीखाली अडकून राहणारे. मृतसाठा हा शब्द घाबरवणारा असला तरी आपण त्याच्या ओळखीचे आहोत, कारण आमच्या शहरांनी कित्येक उन्हाळे त्या मृतावरच जगून काढले आहेत.

वादाची तिथी ठरलेली आहे. मेंढेगिरी समितीचा अभ्यास आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा १९ सप्टेंबर २०१४ चा आदेश यांच्यानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचे. त्यामुळे दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या सुमारास आपल्या अंगात मराठवाड्याचा अभिमान संचारला पाहिजे. २०२३ मध्ये ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला तेव्हा वरच्या अंगाचे लोक म्हणाले की पाणी वाटेतच मुरेल; खालचे म्हणाले की वाटेतल्या मोटारींचे वीजजोड तोडा आणि कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढा; आणि नेहमीप्रमाणे दोन्ही बाजू न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या. अशा वेळी आपण वरच्यांच्या द्राक्षांवर, त्यांच्या उसावर, त्यांच्या स्वार्थावर भरपूर बोलावे. ते बहुतेक खरेच असते, म्हणून बोलायला सोपे जाते.

मात्र पाणी पैठणच्या खाली उतरले की ते कुठे जाते, असा प्रश्न विचारणाऱ्याला तत्काळ थांबवा. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२ किलोमीटरचा; त्यांच्या टेलचा शेतकरी आवर्तनाची बातमी पेपरात वाचतो आणि पेपर घडी करून ठेवतो. ज्या मांजरेच्या कोरड्या पात्राने लातूरला रेल्वेची वाट पाहायला लावली, त्याच मांजरेच्या खोऱ्यात साखर कारखान्यांच्या चिमण्या जवळजवळ उभ्या आहेत. राज्याच्या एकूण पीकक्षेत्राच्या ४ टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने लिहून ठेवले आहे. पण आयोग दिल्लीत बसतो आणि त्याला उसाचा हमखास भाव माहीत असला तरी तुरीचा बेभरवसा माहीत नाही, असे उत्तर देता येते. ते उत्तर अर्धे खरे आहे, हीच त्याची अडचण. शिवाय ऊस तोडायला दिवाळीनंतर गाड्या भरून जी माणसे बाहेर पडतात ती याच बीड-धाराशिवची असतात: ज्यांच्या रानात पाणी नाही ती माणसे पाणी असलेल्या रानात कोयता चालवतात, आणि त्या काळात गावाची लोकसंख्या घटल्यामुळे टँकरच्या खेपाही कमी लागतात. इतका काटकसरीचा जलव्यवस्थापनाचा नमुना इस्राएललाही सुचला नसेल.

त्यापेक्षा क्रिकेटवर बोला. २०१६ मध्ये न्यायालयाने एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर पाठवले. सामने गेले. खेळपट्ट्यांवरचे वाचलेले पाणी लातूरला नेमके कोणत्या गाडीने आले याची नोंद आमच्या वाचनात नाही, पण देशभर चर्चा झाली, आणि उसाचा विषय निघाला नाही.

योजनांच्या बाबतीत एकच पथ्य पाळा: योजना जाहीर झाली की तिचे पाणी प्यायल्यासारखा चेहरा करा. कृष्णा-मराठवाडा योजनेचे २३.६६ टीएमसी आपण पाठ केलेले आहेत, त्यांतले ७ पदरात पडण्याची वाट पाहता पाहता एक पिढी कर्ती होऊन म्हातारी झाली. अकरा धरणे जलवाहिन्यांनी जोडणाऱ्या वॉटर ग्रिडचा नकाशा इतका देखणा आहे की तो दिवाणखान्यात लावावा. २०१४ च्या डिसेंबरात ‘टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९’ असा संकल्प झाला, आणि २०१९ च्या मे महिन्यात राज्यात सहा हजारांहून अधिक टँकर धावत होते, म्हणून काही लोक कुत्सितपणे हसतात. त्यांनी शब्द नीट वाचलेले नाहीत. मुक्ती टंचाईपासून मिळणार होती; आधीच्या ऑक्टोबरात जाहीर झाला होता तो दुष्काळ. त्याच वर्षी ३० कोटी मंजूर होऊन ढगांवर रसायनांची फवारणीही झाली. विमान आले की आमच्या गल्लीतली पोरे गच्चीवर जाऊन टाटा करत. ढग नसत, पण विमान स्पष्ट दिसे.

एखाद्या वर्षी उलटेच घडते, तेव्हा गोंधळून जाऊ नका. २०२५ च्या सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातुरात नद्या शेतांतून वाहिल्या, माती खरवडून गेली, आणि लोक ‘ओला दुष्काळ’ जाहीर करा म्हणू लागले. तेव्हा कळले की संहितेत असा शब्दच नाही. सवलती मात्र दुष्काळाच्या मिळतील, असे सांगण्यात आले, आणि ३१,६२८ कोटींचे पॅकेज निघाले. कोरड्याला सदृश म्हणायचे आणि ओल्याला काहीच म्हणायचे नाही, हा फरक लक्षात ठेवावा. तोंडी परीक्षेत विचारतात.

शेवटी टँकर. आपल्या गावाला तो मंजूर झाला, तर माणशी दिवसाला २० लिटर या हिशेबाने दोन हजार वस्तीला ४० हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या चार खेपा येतील, असे गणित आहे. चारांपैकी दोनच आल्या तर आधी लॉगबुक पाहावे. तिथे बहुधा चार आलेल्या असतात. खेपा विहिरीत ओतल्या जातात, तेव्हा दोर लांब ठेवावा आणि पोरांना काठावर उभे करू नये.

टंचाईचा कृती आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत चालतो. ३० जूनला तिसरा टप्पा संपतो आणि त्याबरोबर टंचाईही संपते. मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या चालल्या आहेत आणि १ जुलैला घरात पाणी नाही, असे घडल्यास घाबरून जाऊ नये. ग्रामपंचायतीच्या ठरावासह मुदतवाढीचा प्रस्ताव पंचायत समितीकडे द्यावा, पोच घ्यावी, आणि प्रस्तावात परिस्थितीचे वर्णन करताना शब्द जपून वापरावा.