दर्या आणि दऱ्या

आमचं गाव हर्णै. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, वरच्या अंगाला आंजर्ले, खालच्या अंगाला कर्दे. कुठेही जा, डोक्यावर रफार आहेच. त्यात माझी हयात कचेरीत टंकलेखक म्हणून गेली. त्यामुळे रफार मारण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, अशी माझी समजूत होती. ती निवृत्त होईपर्यंत टिकली.

निवृत्तीनंतर समुद्राकडच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायचं ठरलं. 'किनाऱ्यावर' हे नाव आमच्या हिनं सुचवलंन. पुण्याचा पुतण्या म्हणाला, "काका, वेबपेज करू. मजकूर अस्सल मराठीत ठेवू." मजकूर तयारच होता. पत्रकं छापून घेतली होती त्या डीटीपीवाल्याकडे फाईल होती, ती पाठवून दिली.

पुतण्यानं ती पानावर चिकटवली आणि मला फोनवर दाखवली. रोमन अक्षरं, मध्येच कंस, टक्क्याची खूण, एक सुटा डॉलर. ओल्या पुळणीवरून कुर्ल्यांची वरात गेल्यासारखं दिसत होतं. तेव्हा कळलं की पत्रकातली मराठी मुळात मराठी नव्हतीच. आत सगळी रोमन अक्षरं होती आणि फॉन्टनं त्यांना वरून देवनागरीचा पेहराव चढवला होता. आमच्याकडे नमनाच्या खेळातल्या गौळणीचं असंच असतं. लुगडं-नथ उतरली की आतून मिशा राखलेला, विडी ओढणारा बाप्या निघतो.

म्हणून सगळं नव्यानं, युनिकोडात टाइप करायला बसलो. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांची खातेवही. प्रत्येक अक्षराला एक नंबर, आणि तो नंबर इथे तोच, जपानात तोच. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात १२८ घरांची स्वतंत्र आळी आहे. ऐकून बरं वाटलं. निदान कागदोपत्री आपली सोय लावलेली होती.

पण टाइपरायटरवर आधी पहिली वेलांटी मारायची आणि मग अक्षर, कारण कागदावर ती आधी दिसते. रफार मात्र शेवटी. युनिकोडात सगळं बोलण्याच्या क्रमानं. आधी क, मग वेलांटी, आणि रफाराचा र तर डोक्यावर बसायच्या आधीच टाइप करायचा. छत्तीस वर्षांची बोटं ऐकतायत कुठली? मी आधी वेलांटी मारली की यंत्र तिच्याखाली ठिपक्याठिपक्यांचं एक वाटोळं कडं काढून ठेवायचं. म्हणजे 'इथे अक्षर हवं होतं हो' अशी रिकाम्या पाटाची खूण. आमच्या पहिल्या मसुद्यात इतके रिकामे पाट मांडले होते की त्यावर एक अख्खी पंगत उठली असती.

ते निस्तरतोय तोवर अर्ध्या र नं डोकं वर काढलं. 'किनाऱ्यावर' लिहायला गेलो तर फोन लिहितो 'किनार्यावर'. 'वाऱ्यावर झोपाळा' चा 'वार्यावर झोपाळा'. मराठीत हे दोन र वेगळे आहेत हो! आचार्यांना जेवायला बोलावतात आणि आचाऱ्याला जेवण करायला. एकाच्या जागी दुसरा आला तर पंगत उपाशी. शोध घेतला तेव्हा कळलं की सोय आहे. युनिकोडाच्या तक्त्यात, खाली टिंब दिलेला ऱ आहे. तो मुळात दक्षिणेकडच्या भाषांतला एक र देवनागरीत लिहिता यावा म्हणून ठेवलेला, पण त्याचा पाय मोडून पुढे य जोडला की आपला आडव्या भुवईचा र उभा राहतो. आपली भुवई कुणाच्या टिंबात ठेवली होती बघा.

हे मी पुतण्याला फोनवर समजावून सांगितलं. "एवढंच ना?" म्हणाला, आणि यंत्राला एकच हुकूम सोडलान: पानभर जिथे 'र्य' असेल तिथे 'ऱ्य' कर.

यंत्रानं केलं. ते कुठे विचारतं की कुठला?

दुसऱ्या दिवशी पानावर होतं: 'खोलीतून दऱ्या दिसतो. अंगणात बसून सूऱ्यास्त पाहा. पऱ्यटकांनी मऱ्यादा पाळावी.' दर्याच्या दऱ्या झाल्या, सूर्याच्या सुऱ्या निघाल्या आणि पर्यटक तर आमच्या परसामागच्या पऱ्याचा, म्हणजे ओढ्याचा, कुणी भाऊबंद वाटायला लागला. ही वाचत होती. म्हणाली, "काय लिहिलंन हे! सुऱ्या काढल्यावर कोण येणार राहायला?" पण आला एकाचा फोन. नाशिकचे गृहस्थ. "काका, दऱ्या नक्की कुठल्या बाजूला? ट्रेकचे बूट आणायचे का?" मी म्हटलं, "आणा, आमच्या घाटीच्या चढाला लागतीलच." आलेलं गिऱ्हाईक परत कशाला लावा! ('गिऱ्हाईक' मात्र पहिल्यापासून बरोबर होतं. त्यात य नसल्यामुळे मी ते हातानं दुरुस्त केलं होतं.)

मग मीच एकेक र हातानं लावला. अडीच दिवस गेले.

तेवढ्यात हिनं चष्मा सरसावून विचारलंन, "हा ल कुणाचा?" बघतो तर ल आणि श हिंदीच्या वळणाचे. मराठी ल निराळा असतो हे शासनानंही २००९ मध्ये निर्णय काढून सांगितलंय, पण ही निर्णय वाचून नाही, बाराखडी गिरवून शिकली. इलाज सोपा निघाला. 'हे पान मराठी आहे' असं पानाच्या पोटात दोन अक्षरी खुणेनं सांगायचं. मग फॉन्टमध्ये मराठी ल ठेवलेला असेल तर तो बाहेर येतो. म्हणजे सोयरा घरातच होता, पण नाव घेऊन हाक मारल्याशिवाय पानावर बसेना.

ॲडव्हान्सचा ॲ मात्र निमूट उमटला. तो तक्त्यात आला २००८ साली. त्याआधी लोक मराठीतून ॲडव्हान्स कसा मागत असतील देव जाणे. बहुधा अ वर चंद्र ठेवून, बिचकत.

खरी फजिती बुकिंगच्या फॉर्मात झाली. फॉर्म तयार मिळाला होता, पुतण्यानं नुसता जोडला. माझं नाव घालून बघितलं तर तांबड्यात उत्तर: 'नावात फक्त अक्षरे टाका.' मी काय बोंबील टाकले होते? नाव बदलून बदलून पाहिलं आणि गोम सापडली. यंत्राच्या खातेवहीत क, ख, ग ही 'अक्षरं', पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार या निराळ्या जातीच्या, 'खुणा'. फॉर्म करणाऱ्यानं आत अक्षरांनाच घेतलं आणि खुणांना दारात अडवलं. म्हणजे कमल, शरद, गगन यांना खोली मिळणार. विठोबा दारी आला तर त्याला परत विटेवरच उभं राहावं लागणार. पहिल्या आठवड्यात एकच बुकिंग आलं, आणि त्या गृहस्थांच्या नावात ना काना ना मात्रा. पुतण्यानं फॉर्ममध्ये एक ओळ बदलली, खुणांनाही आत घेतलं, आणि दिवाळीपर्यंत दोन्ही खोल्या भरल्या.

बुकिंग झालं की एसएमएस जातो. तिथे इंग्रजीत १६० अक्षरं बसतात आणि मराठीत ७०, तीही काना-मात्रा धरून. ओलांडलं की दोन मेसेजचे पैसे. मी तारेचा मजकूर लिहिलेला माणूस. 'कृपया' काढलं, 'आपला नम्र' काढलं, माझं नाव काढलं. राहिलं: 'खोली पक्की. मासे सांगा.' आतापर्यंत कुणाची तक्रार नाही.

शेवटी फाटकावर पाटी लावायची राहिली. पेंटर हातानं रंगवणारा, बंदरातल्या होड्यांवर नावं घालणारा. त्याला म्हटलं, नाव फोनवर पाठवतो, तसंच्या तसं काढ. घाईत टाइप केलं आणि पाठवलं.

संध्याकाळी पाटी आली. भुवईचा र असा झोकात काढला होता की मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. आणि क च्या आधी, पांढऱ्या रंगात, एकसारख्या अंतरावर ठिपके देऊन काढलेलं एक सुबक वाटोळं कडं, त्यावर वेलांटीची छत्री.

"हे काय रे?"

"तुम्हीच पाठवलंत तसं. मला वाटलं डिझाइन आहे. ठिपके सारखे यायला फार वेळ गेला काका, त्याचे वेगळे द्यावे लागतील."

दिले. पाटी तशीच आहे. येणारे पाहुणे तिच्यासोबत फोटो काढतात, आणि हिनं पाडव्याला फाटकात तेच कडं रांगोळीनं काढलंन. काढता काढता मला हाक मारलीन, "अहो, पाटीवर ठिपके किती आहेत ते मोजून सांगा जरा."