घर कधी बुडतं ते नको, रस्ता कधी बंद होतो ते सांगा

सांगलीत आमच्या चहाच्या टपरीवर विषय पूररेषेच्या, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येईल त्या रेषेच्या नकाशाचा होता. नानांनी तो दोन मिनिटांत घरपट्टीवर नेला.

"ड्रोन वर उडला की खाली घरपट्टी वाढते, लिहून ठेवा. वरनं फोटो काढायचा, पत्र्याची शेड दिसली की म्हणायचं वाढीव बांधकाम."

"नाना, तुमची शेड नोंदीत नाही म्हणून तुम्हाला ड्रोन नको," पक्या म्हणाला.

"शेड न्हाई ती. सावली हाय."

पक्याचं मोबाईलचं दुकान आहे, त्यामुळे जगातलं सगळं ॲपवर येणार यावर त्याची श्रद्धा. बापू मात्र भूमी अभिलेखमधून रिटायर झालेले. उभी हयात जमीन मोजायची साखळी ओढण्यात आणि नकाशा काढायचं प्लेन टेबल खांद्यावर वागवण्यात गेली. हा माणूस ड्रोनला नावं ठेवणार असं पक्या धरून चालला होता.

"नावं कशाला ठेवू?" बापू म्हणाले. "रानाला सातबारा हाय, गावठाणातल्या घराला काय होतं? ग्रामपंचायतीचा नमुना आठ. त्यावर बँक दारात उभी करत नव्हती. २०२० ला स्वामित्व योजना आली. मालकांनी हद्दीवर चुना मारायचा, भारतीय सर्वेक्षणचा ड्रोन वरनं फिरायचा, मग आमच्या खात्याची माणसं नकाशा घेऊन दारोदार. चौकशी, हरकती, आणि मग सनद, म्हणजे घराच्या मालकीचा कागद. ड्रोनचं काम लगेच उरकतं. वेळ खातो तो चुना. दोन भाऊ एका बोळाला चुना मारायला लागले की दिवस मावळतो."

हे नानांना लागलं. गावाकडं त्यांच्या चुलत भावानं रात्रीत रेघ हातभर सरकवली होती.

"हातभर न्हाई, दीड हात! अर्धी दावण गेली माझी त्याच्यात. आणि ह्याच्या पोरीच्या लग्नात मी..." लग्नाचं आम्हा सगळ्यांना पाठ आहे. मी विषय परत पुरावर आणला. पावसाळा आला की मला दुसरं काही सुचत नाही.

पक्या म्हणाला, "आता पुराची काळजीच नको. रडारच्या उपग्रहाला ढगातूनही पाणी दिसतं."

"दिसतं," बापू म्हणाले, "मोकळ्या रानातलं. दाटीवाटीच्या वस्तीत त्याची लाट भिंतीवर आपटून उलटी जाते, बोळातलं पाणी धड कळत न्हाई. ते बोळातल्या माणसाला विचारावं लागतं."

"पण निळी-लाल रेषा तर आखलीय की!"

"आखलीय. २५ वर्षांत एकदा येईल तो पूर निळ्या रेषेपर्यंत, १०० वर्षांत एकदा येईल तो लाल रेषेपर्यंत. आणि आपण काय बघितलं? २००५, २०१९, २०२१. रेघ काढणाऱ्यानं मागचीच वर्षं बघितलेली असत्यात पक्या. पुढची नदी बघते."

यावर पक्या गप्प झाला. मी मात्र बोललोच, कारण हे मला बरेच दिवस सांगायचं होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेही सगळ्यांनी पाहिलं. पण ४५ फूट म्हणजे माझ्या बोळाच्या तोंडाशी किती? आमच्याकडं पाणी आधी नदीकडून आलंच नाही, गटारातून उलटं आलं. घर कोरडं होतं आणि बोळाचं तोंड बंद झालं होतं. घर कोरडं म्हणून माणसं थांबली, सकाळी म्हाताऱ्यांना न्यायला रस्ताच नव्हता. नकाशात घर कधी बुडेल एवढंच दाखवून भागत नाही. कुठला रस्ता, कुठला नाला, किती फुटाला बंद होतो ते गल्लीवार दाखवा. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या रानात उभा राहून पिकाचा फोटो टाकतो. मग पुराच्या खुणा लोकांकडून का घेऊ नयेत?

"खुणा हायतच की," बापू म्हणाले. "गिरणीच्या भिंतीवर तिन्ही पुरांच्या ऑइलपेंटच्या रेघा हायत, वर साल घातलेलं. २०१९ ची माझ्या डोक्याच्या वर. मोजणीचं लेव्हल यंत्र लावून एकेका खुणेची उंची घ्यायची आणि त्या दिवशी आयर्विनला किती फूट होतं ते पुढं लिहायचं. ड्रोन जमिनीची उंची देईल, भिंत पाण्याची. असल्या पन्नास भिंती मोजल्या तरी गल्लीवार नकाशा उभा राहतो."

मला हे इतकं पटलं की रविवारी आपणच सुरुवात करू म्हणालो. पक्या लगेच फोनवर यादी करायला लागला. गिरणी, रेशन दुकान, देवळाचा ओटा, नानांचं घर.

"माझ्याकडं खूण-बिन काय न्हाई," नाना म्हणाले.

"२००५ ची होती की! भाडेकरू यायच्या आधी पुसलीत तुम्ही."

"पुसली न्हाई. रंग दिला."

बाकीचे हसले, पण मला राहवलं नाही. म्हटलं, नाना, त्या माणसाला पाणी कुठवर येतं ते सांगायला हवं होतं. नाना चहाच्या ग्लासात बघत राहिले.

"रविवारी टेप घेऊन माझ्या दारात यायचं न्हाई," थोड्या वेळानं ते म्हणाले.

"टेप कशाला?" बापू म्हणाले. "तुमच्या भाडेकरूलाच विचारतो. २०१९ ला माळ्यावर बसून होता, पाणी कितव्या पायरीला होतं ते त्याला पाठ हाय."

"विचारा की! आणि त्या ऑगस्टचं भाडं कधी देतोस तेपण विचारा! अजून दिलेलं न्हाई त्यानं!"

यानंतर कुणाचंच काही ऐकू येईना. चहावाल्यानंही हसत हसत स्टोव्ह बंद केला.